दाजींचा नाखवा पुरस्कार

एकाही डोंगरावर पाय न ठेवता जगातल्या झाडून सगळ्या डोंगरांच्या वतीनं भांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून आमच्या घरात सगळे त्यांना दाजी म्हणतात. हळूहळू मीही म्हणायला लागलो, मग त्यांच्या कंपनीच्या बसमधले लोक म्हणायला लागले, मग काळेवाडीतला दूधवाला, आणि आता तर त्यांची स्वतःची सूनसुद्धा गडबडीत ‘बाबा’च्या ऐवजी दाजी अशीच हाक मारते. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते स्टोअरला होते. आयुष्यभर नट-बोल्ट मोजून दिले आणि रिटायर झाले. राहायला काळेवाडीत, पहिल्या मजल्यावर. त्याच्या वर राहायची त्यांची तयारी नव्हती, कारण उंचीवरून खाली पाहिलं की त्यांना गरगरतं. बाल्कनीत ते भिंतीला पाठ लावून उभे राहतात. पंखा पुसायचा असला की स्टुलावर ताई, म्हणजे त्यांची बायको, चढतात आणि दाजी खालून स्टूल धरतात, तेही डोळे मिटून.

शिवाय त्यांना गाडी लागते. कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट त्यांच्यासाठी राखीव असायची. गालात लिंबाची फोड धरून, समोरच्या काचेवर नजर खिळवून ते बसायचे आणि त्याच अवस्थेत शेजारच्याला सांगायचे, की हिमशिखराच्या शेवटच्या चढावर प्राणवायू संपला म्हणजे माणसाला काय काय दिसायला लागतं. मोशीच्या पुढं ट्रॅफिकमध्ये बस अडकली की दक्षिण ध्रुव सुरू व्हायचा. बस जेवढी जास्त अडकेल तेवढी तिकडं निघालेल्या बिचाऱ्या गोऱ्या लोकांची रसद संपत जायची. एकदा भर मे महिन्यात, बसमध्ये लोक रुमालानं वारा घेत असताना दाजींनी हिमदंशानं बोटं काळी पडतात त्याचं असं वर्णन केलं, की पेंट शॉपमधल्या एकानं बूट काढून आपली बोटं तपासून घेतली. त्यांच्या स्वयंपाकघरात जगाचा एक मोठा नकाशा लावलेला आहे. त्यातला अंटार्क्टिका फ्रिजच्या मागं गेला आहे. दिवाळीच्या साफसफाईत फ्रिज सरकवला की दाजी कोळिष्टकं झाडायचं सोडून त्या पांढऱ्या पट्ट्यासमोर उकिडवे बसून राहतात, आणि ताईंना त्यांच्याभोवतीनं झाडू मारावा लागतो.

‘साहस’ हा शब्द त्यांनी स्वतःच्या मालकीचा करून टाकला होता. दुसऱ्या कुणी तो परवानगीशिवाय वापरला तर त्यांना खपायचं नाही. आमचा एक भाचा लग्नानंतर काश्मीरला जाऊन आला आणि मोबाईलवर फोटो दाखवायला लागला. दाजींनी विचारलं, “बर्फात चाललास का?”

“नाही दाजी, घोडा केला होता.”

“म्हणजे घोडा गेला होता काश्मीरला,” दाजी म्हणाले, “त्याचे फोटो आहेत का?”

चौकात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. ‘साहसी व धडाडीचे नेतृत्व’. दाजी दोरी बांधणाऱ्या माणसाजवळ जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “हे कुठं गेले होते?” त्यानं विचारलं, “कोण?” दाजी म्हणाले, “हेच. साहसी.” तो म्हणाला, “मला काय म्हाईत काका, आमी नुसतं बांधतो.” दाजींनी त्याला चहा पाजला, समजावलं, आणि त्या शब्दावर पांढरी पट्टी चिकटवून घेतली. फ्लेक्स उतरेपर्यंत तो पुढारी नुसताच धडाडीचा राहिला.

आता हे सगळं आलं कुठून, तर पॉकेटबुकांतून. दाजी मूळचे जालन्याकडचे. गावची नदी वर्षातले आठ महिने वाळूचीच. अशा ठिकाणी वाढलेल्या दाजींच्या हाती एसटी स्टँडवरच्या टपरीतून एका लंगड्या नाखव्याच्या साहसकथा पडल्या. काखेत कुबडी, कमरेला सुरी, आणि जगातला एकही समुद्र पालथा घालायचा बाकी नाही असा तो नाखवा. दाजींनी सगळी पुस्तकं वाचली. पण लेखकानं मालिका अशा जागी सोडली, की नाखवा एका धबधब्यावर दोराला लटकलेला आहे आणि वर कुणीतरी तो दोर कापतं आहे. पुढचं पुस्तक आलंच नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये नोकरीला आल्यावर दाजींना शोध लागला की त्या दोराला लटकलेले आपण एकटे नाही. कुणी कोकणातून आलेला, कुणी खानदेशातून, कुणी लातूरकडचा, सगळे कुठल्या ना कुठल्या कंपनीत, आणि सगळ्यांना एकच काळजी, दोर तुटला का? त्यातून नाखवा वाचक मंडळ उभं राहिलं. काळेवाडीत एका शेठचा हॉल होता. शेठचं भोसरीत पत्र्याचे भाग ठोकायचं प्रेस शॉप, आणि त्यांनाही लहानपणी नाखव्याचं वेड होतं, म्हणून हॉल फुकट. रविवारी सकाळी मंडळ जमायचं, जुने संवाद म्हणायचं, दोरावरून भांडायचं आणि पोहे खाऊन घरी जायचं. मी इन्शुरन्सचा धंदा करणारा माणूस. तिथं पॉलिसी खपतील म्हणून गेलो आणि सभासद होऊन परत आलो.

अशा एका रविवारी, दोराच्या जाडीवरून दोघं हमरीतुमरीवर आलेले असताना दाजी उभे राहिले. “राव, पुरे झालं,” ते म्हणाले. “आपण म्हातारे झालो एका खोट्या माणसाची काळजी करत. तो पडला की वाचला, आपल्या हातात काही नाही. पण खरोखर लटकून आलेली माणसं आहेत जगात. त्यातल्या एकाला तरी बोलवू आणि सांगू, की बाबा रे, आम्ही बघत होतो.”

हमरीतुमरीवर आलेले दोघं खाली बसले. मग कोकणातले एक सभासद म्हणाले, “पण दाजी, नाखव्याचो अपमान नाय होणार?”

“नाखवा असता तर त्यानंच दिला असता पुरस्कार,” दाजी म्हणाले, आणि विषय तिथंच मंजूर झाला.

पुरस्कार म्हणून कुबडी द्यायची ठरली. मंडळातल्या एका टर्नरनं भोसरीच्या वर्कशॉपमध्ये ती इतक्या प्रेमानं बनवली, की लोखंड किती लागतंय याकडे त्याचं लक्षच राहिलं नाही. ती चकचकीत कुबडी हॉलमध्ये आणायला दोन माणसं लागली. नियम दाजींनी केला, आणि तो एकच होता. “पोटासाठी गेला तो नोकरीला गेला. नवस फेडायला गेला तो देवाला गेला. नुसतं बघायला गेला, तोच गेला.” मग मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावं यायला लागली. कुणी मोबाईलच्या टॉवरवर चढलेल्या मेहुण्याचं नाव पाठवलं. तो बायकोशी भांडून चढला होता, म्हणून बाद. कुणी लिहिलं, माझा भाऊ पंधरा वर्षं रोज त्या ट्रॅफिकमधून काळेवाडीहून हिंजवडीला जातो आणि रोज परत येतो. हे नाव दाजींनी बराच वेळ नाकारलं नाही. शेवटी पोटासाठीच्या कलमाखाली ते गेलं, पण जाताना दाजींनी त्या भावाला स्वतः फोन करून दिलगिरी व्यक्त केली.

मग शेठनी आपल्या जावयाचं नाव दिलं. जावई मोटरसायकलवर लडाखला जाऊन आला होता, आणि ड्रोननं काढलेली त्याची फिल्म शेठनी मंडळाला हॉलच्या भिंतीवर दाखवली. नाव नुसतं दिलं नाही, बरोबर जेवण दिलं, स्टेज दिलं, फ्लेक्स दिला, वार्ताहर आणायचं कबूल केलं. मंडळ विरघळलं. गुलाबजाम असणार हेही कळल्यावर तर उरलेसुरलेही विरघळले. दाजी म्हणाले, मुलाखत होईल. जावई आला. उंचापुरा, हसरा, मनानं अगदी सरळ पोरगा.

“गाडी बंद पडली तेव्हा काय केलंत?” दाजींनी विचारलं.

“मागं बॅकअप व्हॅन होती ना. त्यात मेकॅनिक.”

“आणि स्वयंपाक?”

“त्यातच आचारी.”

“रस्ता चुकलात कुठं?”

“पुढं गाइड होता काका.”

“बरं, भीती कधी वाटली?”

जावयानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “नेटवर्क गेलं होतं एकदा, तेव्हा.”

दाजींनी त्याला प्रेमानं चहा पाजून निरोप दिला आणि मंडळाला सांगितलं, की पोरगा गुणी आहे, पण लडाखला व्हॅन गेली होती.

खरा उमेदवार मिळाला तो ताईंमुळे, आणि तोही जेवताना. दाजी ताटावर बसून तक्रार करत होते, की या औद्योगिक पट्ट्यात एवढी माणसं राहतात, पण बघायला म्हणून कुणी कुठं जात नाही. मी आणि माझी बायको त्या दिवशी तिथंच जेवायला होतो. ताई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, “दिघीच्या सिस्टर गेल्या होत्या की. नदीच्या काठानं. समुद्रापर्यंत.”

दाजींचा घास हातातच राहिला. “कोण सिस्टर?”

“माझ्या गुडघ्याच्या व्यायामाच्या वर्गाला येतात त्या. नर्स होत्या. रिटायर झाल्या.”

“आणि हे तू मला आज सांगतेस?”

“तुम्ही विचारलंत का कधी?” ताई म्हणाल्या. “मी गुडघ्यावरून आले की तुम्ही उत्तर ध्रुवावर असता.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या स्कूटरवर मागं बसून, डोळे मिटून, दाजी दिघीला आले. सिस्टरांचं घर लष्कराच्या भिंतीजवळच्या एका गल्लीत होतं. दारात तुळतुळीत घासलेली पायरी, आत कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती, आणि खिडकीत वाळत टाकलेले कॅनव्हासचे बूट. सिस्टर बारीक चणीच्या, केस आखूड कापलेले, आणि आवाज असा की वॉर्डातला शेवटच्या कॉटवरचा पेशंटही झोपेतून उठावा. त्यांचे वडील एका कंपनीत कामगार होते, त्या स्वतः सरकारी दवाखान्यात नर्स. नवरा वारलेला, मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये.

“लहानपणी आम्ही इंद्रायणीत पोहायचो,” त्या म्हणाल्या. “मग पाण्यावर फेस यायला लागला. मी पुलावर उभी राहून ह्यांना विचारायचे, हा फेस जातो कुठं? हे म्हणायचे, पुढं. मी म्हणायचे, पुढं म्हणजे कुठं? ते म्हणायचे, तुला काय करायचंय? रिटायर झाले, म्हटलं आता आपल्याला काही करायचं नाही, तर हेच करू. आणि बघायला गेले.”

‘बघायला’ हा शब्द आला तशी दाजींनी माझ्या मांडीला चिमटा काढला.

एका दमात गेल्या नव्हत्या. थंडीत चालायचं, ऊन तापलं की एसटीनं परत यायचं, आणि पुढच्या थंडीत जिथं सोडलं तिथून पुन्हा सुरुवात. तुळापूरला इंद्रायणी भीमेत गेली, म्हणून त्या भीमेबरोबर गेल्या. उजनी धरणाच्या पाण्याला वळसा घातला, कोळ्यांच्या होडीत बसल्या, उसाच्या फडांत वाट चुकल्या, कर्नाटकात शिरल्या. भीमा कृष्णेत गेली तशा त्या कृष्णेबरोबर थेट आंध्रात. पिशवीत दोन साड्या आणि बीपीचं मशीन. “भाषा येत नव्हती,” त्या म्हणाल्या, “पण मशीन काढलं की कुठल्याही गावातली बाई हात पुढं करते. बीपी बघितलं की भाकरी मिळते. पुढं पुढं भात मिळायला लागला, तेव्हा कळलं लांब आलो.” एका गावात लोकांनी त्यांना पोरं पळवणारी समजून शाळेच्या खोलीत कोंडलं होतं. रात्रभर आत बसल्या. सकाळी सरपंच आले, तर सिस्टरांनी आधी त्यांचं बीपी घेतलं. ते इतकं वाढलेलं होतं की सिस्टरांनीच त्यांना गाडीत घालून तालुक्याला नेलं.

“आणि शेवटी?” दाजींनी विचारलं. “शेवटी काय दिसलं?”

“काही नाही हो. नदी संपली आणि समुद्र लागला. नेमकी कुठं संपली ते मात्र कळलं नाही. मी मागं जाऊन चव बघितली, पुढं जाऊन बघितली. मधे बराच तुकडा असा होता की गोडही नाही, खारटही नाही. तिथं बसले मग दिवसभर.”

दाजींनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसले. पुरस्काराचं शेवटी मलाच सांगावं लागलं. सिस्टर हसल्या. मग म्हणाल्या, “मुलाला आवडायचं नाही. मी जायचे तेव्हा तो सगळ्यांना सांगायचा, आई सोलापूरला मावशीकडे गेली. बिचारी मावशी दर हिवाळ्यात आजारी. त्याच्या सासरकडचे तर अजून तिच्या तब्येतीची चौकशी करतात.” त्यांनी खिडकीतले बूट उन्हाकडे वळवले. “लाज वाटते त्याला. म्हातारी डोक्यानं फिरली असं लोक म्हणतील म्हणून. येते मी. पण शाल नको, नारळ नको. वीरांगना म्हणायचं नाही. आणि ‘या वयातसुद्धा’ असं कुणी म्हणालं तर मी उठून जाईन.”

“म्हणू दे तर कुणाला,” दाजी म्हणाले.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये दाजींनी सिस्टरांचं नाव जाहीर केलं. शेठ शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “दाजी, नदीकाठानं बाया धुणी धुवायलाही जातात. जावयाचं नाव ठरलंय.”

“ठरलं नव्हतं. शिजलं होतं,” दाजी म्हणाले.

“हॉल माझा आहे, हे लक्षात आहे ना?”

“हॉल तुमचा. कुबडी मंडळाची. आणि ती गुलाबजामाच्या बदल्यात मिळत नाही.” दाजींचं बोट शेठच्या दिशेनं ताठ होतं. मतदान झालं. लाजत, एकमेकांकडे बघत, गुलाबजामाला मनातल्या मनात निरोप देत मंडळानं सिस्टरांच्या बाजूनं हात वर केले. शेठ उठून गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, आम्ही सगळे हॉलपाशी पोचलो तर दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, “शेठनी सांगितलंय, रिपेरिंग काढलंय.” आत ना हातोड्याचा आवाज, ना धूळ. तेवढ्यात रिक्षातून सिस्टर उतरल्या, निळी साडी आणि पायात ते कॅनव्हासचे बूट. मंडळी कुजबुजायला लागली, की पुढच्या महिन्यात करू, दुसरा हॉल बघू, बाईंना सांगू काहीतरी. दाजी कुलपासमोर उभे होते. मला वाटलं, आता हे खचले. ते वळले आणि म्हणाले, “हॉलला कुलूप आहे. रस्त्याला नाही.”

आणि कार्यक्रम फुटपाथवर सुरू झाला. समोर भाजीचा एक टेम्पो उभा होता. दाजींनी त्या भाजीवाल्याला काय सांगितलं कोण जाणे, त्यानं आपला भोंगा आणि माइक देऊन टाकला, आणि वर टोमॅटोचा रिकामा क्रेट दिला उभं राहायला. त्या वीतभर उंचीवर चढताना दाजींनी माझा खांदा इतका घट्ट धरला, की वळ उठले. कुबडी दोघांनी धरून आणली आणि विजेच्या खांबाला टेकवली. भाजी घ्यायला आलेल्या बायका थांबल्या, बस स्टॉपवरचे लोक सरकत सरकत जवळ आले. दाजींनी माइक तोंडाशी नेला, बटण दाबलं, आणि भोंगा गरजला, “कांदे घ्या, बटाटे घ्या, ताजी कोथिंबीर!” लोक हसले. दाजी हसले नाहीत. ते ध्वनिमुद्रण संपेपर्यंत सावधानमध्ये उभे राहिले आणि मग भाषण सुरू केलं.

मधेच शेठची गाडी येऊन थांबली. शेठ उतरले, त्यांच्या मागून जावई मोटरसायकलवर. शेठ म्हणाले, “दाजी, काय हा तमाशा? लोकांच्या साहसाच्या एवढ्या गप्पा मारता. स्वतः कधी लोणावळ्याला तरी गेलात का?”

भोंगा चालू होता, त्यामुळे हा प्रश्न सगळ्या चौकानं ऐकला. सगळे दाजींकडे बघायला लागले. क्रेटवर उभे असलेले दाजी माइकमध्येच म्हणाले, “नाही गेलो. घाटाच्या पहिल्या वळणाला मला ओकारी येते. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. स्टुलावरसुद्धा मला चढवत नाही, आत्ता या क्रेटवर पाय लटपटतायत ते बघा. पण म्हणून जी गेली तिला गेली म्हणायचं नाही का मी? आणि मी नाही म्हणायचं, तुम्ही नाही म्हणायचं, तिच्या घरच्यांनी म्हणायचं सोलापूरला गेली. मग म्हणायचं कुणी, शेठ?”

शेठ काही बोलणार, तेवढ्यात जावई म्हणाला, “पप्पा, ऐकू द्या ना.” त्यानं ती अवाढव्य मोटरसायकल फुटपाथच्या कडेला आडवी लावली, म्हणजे रिक्षा अंगावर येणार नाहीत, आणि स्वतः मांडी घालून पुढच्या रांगेत बसला. वाहतूक पोलीस आला. त्यानं परवानगी विचारली, मग कुणाचा सत्कार हे विचारलं, मग “दहा मिनिटांत उरका” असं सांगून बराच वेळ तिथंच हाताची घडी घालून ऐकत उभा राहिला.

सिस्टर क्रेटवर चढल्या नाहीत. खालूनच बोलल्या. इंद्रायणीच्या फेसापासून सुरुवात केली. त्यांचा अंगठा दर थोड्या वेळानं त्या बटणावर पडायचा आणि भीमेच्या काठावर मधेच ताजी कोथिंबीर उगवायची, पण त्या थांबत नव्हत्या, लोकही हलत नव्हते. उजनी झालं, कर्नाटक झालं, सरपंचाचं बीपी झालं. गर्दीच्या मागं, रविवारच्या ड्यूटीवरून परतताना थांबल्यासारखा, गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेला एक तरुण येऊन उभा राहिलेला मला दिसला. हेल्मेट काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. सिस्टरांनी त्याला पाहिलं. मग माइक जरा जवळ घेऊन म्हणाल्या, “आणि सगळ्यांना एक सांगायचंय. माझी सोलापूरची बहीण ठणठणीत आहे. ती कधीच आजारी नव्हती. मी चालायला गेले होते.”

ज्यांना यातलं काही माहीत नव्हतं तेही हसले. तो तरुण हसला नाही. त्यानं हेल्मेट काढलं, गर्दीतून वाट काढत पुढं आला. दाजी क्रेटवरूनच कुबडी उचलायला धडपडत होते, ती त्यांना एकट्याला पेलत नव्हती आणि सिस्टरांना तर नाहीच. मुलानं वाकून ती आपल्या खांद्यावर घेतली. आईला हळूच म्हणाला, “समुद्रापर्यंत गेली होतीस? मला वाटलं, मधूनच येतेस परत.”

“तू विचारलं नाहीस कधी,” सिस्टर म्हणाल्या.

“आता सांग,” तो म्हणाला. त्याचा चेहरा पार विस्कटलेला होता. दाजी क्रेटवरून टाळ्या वाजवत होते. दोन्ही हात सोडून. पडले नाहीत.

पुढं मंडळ थोडं फुटलं. शेठनी स्वतःचा वेगळा पुरस्कार काढला, गुलाबजामासकट. जावयानं तो घ्यायला नकार दिला, तेव्हा शेठनी तो आपल्या व्याह्यांना दिला. आमचं मंडळ आता कुणाच्या ना कुणाच्या पार्किंगमध्ये जमतं, सोसायटीचे चेअरमन हाकलेपर्यंत बसतं, आणि कुबड्या दिल्या जातातच. टर्नरला दाजींनी लोखंड कमी वापरायला सांगून पाहिलं, तो ऐकत नाही. जावई सभासद झाला आहे. मधे एकदा तो व्हॅनशिवाय कुठंतरी गेला, रस्ता चुकला, आणि आल्या आल्या आनंदानं दाजींना सांगायला धावत आला.

दाजी आता थकलेत. सांधे धरतात, ऐकू कमी येतं. गेल्या थंडीत सिस्टर पुन्हा निघाल्या, या वेळी नदीच्या उलट दिशेनं, वर, ती सुरू होते तिथं. मुलगा त्यांना सोडायला रजा काढून आला होता. दाजींनी हट्ट धरला, की आपणही निरोपाला जायचं. मी त्यांना सकाळी लवकर देहूकडे जाणाऱ्या बसच्या स्टॉपवर घेऊन गेलो. दाजींनी त्यांना लिंबं दिली, जपून जा म्हणाले. बस आली, सिस्टर चढल्या, खिडकीतून हात केला, बस निघाली. मुलगा आपल्या गाडीकडे वळला. मीही स्कूटरची चावी काढली आणि म्हटलं, “चला दाजी. ताई वाट बघत असतील.”

“थांब जरा,” दाजी म्हणाले. “माणूस लांब निघालं की लगेच पाठ फिरवू नये.”

त्यांनी डोळ्यांवर हात धरला होता. रस्त्यावर कंपन्यांच्या बसेस, टेम्पो, पाण्याचे टँकर यांची रीघ लागली होती आणि त्या सगळ्यात सिस्टरांच्या बसचा लाल ठिपका पुढं पुढं चालला होता. मग तो वळणाआड गेला. मी चावी पुन्हा खिशात ठेवली. आम्ही दोघं बराच वेळ तिथंच उभे राहिलो.